घोरणं थांबलं की बायकोला जाग यायची

"दिवसभर मशीनवर उभा असतो, पडला की झोपला," असं आई पाहुण्यांना माझ्याबद्दल कौतुकाने सांगायची. आमचं घर नाशिकच्या सिडकोत, भिंती पातळ. माझं घोरणं शेजारच्यांनाही पाठ. सातपूर एमआयडीसीत टूलरूमला आहे, वय 47. गाढ झोपतो असंच मलाही वाटायचं. फक्त सकाळी तोंडाला कोरड, डोकं जड आणि जेवणानंतर ड्रॉइंग वाचता वाचता डोळे मिटायचे. रात्री दोनदा लघवीला उठायचो, शुगर तपासली तर नॉर्मल. बीपी मात्र गोळी घेऊनही 150 च्या खाली येईना. एका डॉक्टरांनी "टेन्शन घेऊ नका" म्हणून पाठवलं, झोपेबद्दल चकार शब्द विचारला नाही.

मग एकदा द्वारकेच्या सिग्नलला गाडी चालू ठेवून, एक पाय टेकवून चक्क झोपलो. मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्यांनी जाग आली. घरी बोललो नाही.

खरं ते बायकोनेच ओळखलं. म्हणाली, "तुमच्या घोरण्याची सवय झालीय हो, ते थांबतं तेव्हा मला जाग येते." एका रात्री तिने मोबाइलवर शूटिंग केलं. आधी घोरणं, मग एकदम शांत. पोट वरखाली होतंय, पण हवा आत जात नाही. 24 सेकंद. मग घुसमटल्यासारखा हिसका, की पुन्हा घोरणं सुरू. तो व्हिडिओ मी पूर्ण पाहिला नाही.

गंगापूर रोडच्या कान-नाक-घसा डॉक्टरांनी आधी टेपने मान मोजली, 42 सेंटीमीटर. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते, वाट बंद होते. ऑक्सिजन उतरला की मेंदू अर्धवट जागा करतो आणि सकाळी आपल्याला काही आठवत नाही. याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अॅप्निया म्हणतात. स्लीप टेस्ट घरीच झाली: छातीला पट्टा, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा. रिपोर्टमध्ये आकडा 23. म्हणजे तासाला 23 वेळा श्वास किमान 10 सेकंद बंद तरी पडला किंवा बराच कमी तरी झाला. 5 च्या आत नॉर्मल, 15 ते 30 मध्यम, त्यापुढे तीव्र.

आधी सीपॅप मशीन भाड्याने आणलं. मास्कमधून हवेचा दाब देऊन वाट उघडी ठेवतं. ते काम चोख करतं, पहिल्याच सकाळी डोकं हलकं होतं. पण रात्री दोनच्या सुमारास मी झोपेतच मास्क ओढून काढायचो. मशीन सगळं नोंदवतं, तिथे थाप चालत नाही. सरासरी निघाली अडीच तास. आजार तीव्र असता तर डॉक्टरांनी मशीनचाच आग्रह धरला असता. मध्यम असल्यामुळे दातांवर बसवायचं उपकरण करून बघा म्हणाले. (त्याआधी ऑनलाइन मिळणारं, गरम पाण्यात बुडवून चावायचं एक प्रकरण मी मागवलं होतं. तिसऱ्या दिवशी पुढचा दात ठणकला. कचऱ्यात.)

डेंटिस्टनी आधी हिरड्यांची सफाई करून घेतली. सगळा भार दातांवर येणार, म्हणून दात पक्के हवेत. मग मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी दातांत धरायला दिली: खालचा जबडा पूर्ण मागे, आता पूर्ण पुढे. 11 मिलिमीटर. सुरुवात साडेसहा मिलिमीटरपासून. इथे माझ्यातला टूलरूमवाला खूश. वर एक ट्रे, खाली एक, दोन्ही बाजूंना स्क्रू. जबडा पुढे धरला की जीभही पुढे येते आणि मागची वाट मोकळी राहते. किल्लीचा एक फेरा म्हणजे पाव मिलिमीटर, दोन्ही बाजूंना सारखाच. चार दिवसांनी एक फेरा, वहीत नोंद.

पहिला आठवडा वाईट गेला. उशी लाळेने ओली, कानापुढचा सांधा दुखरा. 8.25 मिलिमीटरला घोरणं थांबलं. हावरटपणा करून 8.5 केलं तर सांध्यात कटकट वाजायला लागली, मुकाट्याने एक फेरा मागे. सकाळी वीसेक मिनिटं वरचे-खालचे दात नीट जुळत नाहीत, तोवर पोह्यातला शेंगदाणासुद्धा चावत नाही. दात पुन्हा जुळावेत म्हणून दातांत धरायचा छोटा तुकडा दिलाय. वर्षानुवर्षं वापरून दात थोडे सरकू शकतात, हे आधीच सांगून सही घेतली होती. दर सहा महिन्यांनी चावा तपासतात.

तीन महिन्यांनी उपकरण लावून पुन्हा टेस्ट केली. आकडा 6. उताणं झोपलं की अजून वाढतो, म्हणून बायकोने बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घातलाय. बीपी 134, गोळी चालूच आहे.

परवा सिन्नरला लग्नात हॉलमध्ये सगळे ओळीने झोपलो होतो. शेजारी थोरला भाऊ घोरत होता, आणि मध्येच थांबला. मी मोबाइल उशाला लावून मोजलं: 19 सेकंद. सकाळी चहाच्या वेळी त्याला ऐकवलं. "दगदग झाली रे लग्नाची," म्हणाला. मी रेकॉर्डिंग वहिनीला पाठवून दिलं.