हेराल्डची चौथी नोंद: गंज आला कुठून?

जळगावच्या कोरड्या हवेत गाडी गंजत नाही, असं मी आजवर छातीठोकपणे सांगत आलो. कोकणातल्या मित्रांना चिडवूनही झालं. आता शब्द गिळतोय.

नव्यांसाठी थोडक्यात: गाडी स्टँडर्ड हेराल्ड, म्हणजे ब्रिटिश ट्रायम्फ हेराल्डची मद्रासला बनलेली भारतीय बहीण, दोन दारांची, चोपड्याकडच्या मामांच्या खळ्यातून ट्रॉलीवर टाकून आणलेली. छप्पर कुणीतरी वरातींसाठी कधीच उतरवलंय. करवत लावली नाही हे नशीब. हेराल्डचं छप्पर बोल्टांवर बसतं, आणि ट्रायम्फने आपली उघडी हेराल्डही याच सांगाड्यावर काढली होती. चेसिस वेगळी, वर बॉडी तुकड्यातुकड्यांनी कसलेली. अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलंडतं, की चाकावर बसून इंजिनात हात घाला. बोल्ट मात्र इंची. ९/१६ ला १४ चा पाना शिरत नाही आणि १५ चा नुसता फिरतो. दोन नटांचे कोपरे उडाल्यावर भुसावळच्या एका भंगारवाल्याकडून इंची पान्यांचा सेट उचलला.

तर गंज. मागच्या सीटखालचा पत्रा आणि डिकीचा तळ पार गेलेला. डेंटरकाकांनी स्क्रूड्रायव्हर टोचला, तो आरपार. "हाऊ पत्रा शे का चायनी?" (चायनी म्हणजे चाळणी.) मला खटकलं ते वेगळंच. पत्र्याच्या खालच्या बाजूचा रंग बऱ्यापैकी शाबूत होता, पापुद्रे सुटत होते ते वरून. मामांना फोन केला.

"अरे, केळीचं खत ठेवायचो ना तिच्यात. दारं घट्ट लागायची, उंदीर शिरत नव्हते."

खत म्हणजे पोटॅश, म्हणजेच पोटॅशियम क्लोराइड, खायच्या मिठाचा सख्खा भाऊ. पावसाळ्यात हवेतली ओल धरून ठेवतं, आणि त्यातलं क्लोराइड गंजाच्या थराखाली, पत्र्याच्या खड्ड्यांत जाऊन बसतं. ब्रशने ते निघत नाही. मला हे उशिरा सुचलं. मे महिन्यातच मी वायर ब्रश मारून, रेड ऑक्साइड फासून मोकळा झालो होतो. पहिला पाऊस पडला आणि आठ दिवसांत प्रायमरवर मुगाएवढे फोड. एक नखाने फोडला, तर आतून तपकिरी पाण्याचा थेंब आला.

सगळं खरवडून पुन्हा. आता क्रम बदललाय: आधी गरम पाणी आणि ताठ ब्रश, मग पुन्हा पाणी, असं चार वेळा. शेवटचं पाणी आरओच्या जारमधलं, कारण आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार काही कमी नाहीत. लगेच हीट गनने कोरडं करून त्याच तासात प्रायमर.

सुट्या भागांचा गंज विजेने काढायला (इलेक्ट्रोलिसिस) प्लॅस्टिकचा टब, पाण्यात धुण्याचा सोडा आणि जुना बॅटरी चार्जर. मायनस आपल्या भागाला, प्लस भंगार लोखंडाला. उलटं लावलंत तर आपलाच भाग झिजेल. स्टेनलेस स्टील मुळीच वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. बुडबुडे हायड्रोजनचे, म्हणून टब अंगणात. या पद्धतीने लोखंडातलं क्लोराइडही बाहेर निघतं, म्हणजे माझ्यासाठी दुहेरी फायदा. बिजागऱ्या दोन दिवसांत काळ्या, स्वच्छ निघाल्या.

तळ कापण्याआधी दोन्ही दारांच्या चौकटीत लोखंडी अँगल वेल्डिंगचे टाके मारून बसवलेत. छप्पर नसलेल्या गाडीचा तळ कापला की बॉडी मध्ये खचते, मग दारं जन्मात लागत नाहीत. चौकटींचे कर्ण मापले. डाव्या-उजव्यात ६ मिमी फरक आहे, तो खडूने पत्र्यावरच लिहून ठेवलाय. हा फरक आधीचाच की ट्रॉलीवरच्या खड्ड्यांचा, यावर काकांचं आणि माझं जमत नाही.

जाता जाता पुढच्या चाकांचं. ट्रनियनमध्ये, म्हणजे चाकाची उभी दांडी खाली ज्या आट्यांच्या सांध्यात फिरते त्यात, कुणीतरी ग्रीस ठासलंय. तिथे ईपी ९० हे गिअरचं तेल लागतं. ग्रीस वाळून आट्यांपर्यंत काही पोचत नाही, दांडी आट्यांपाशी गंजते, आणि एके दिवशी वळताना मोडून चाक आडवं होतं. डावी बाजू उघडली, आटे ठीक. उजवी अजून हलत नाही. डिझेल ओतून ठेवलंय.