कपलरच्या पोटाखालची बाजू

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होऊन तीन दिवस झाले होते. हिंगणा रस्त्याकडच्या एका नव्या लेआउटमध्ये 160 मिलिमीटर व्यासाची एचडीपीई प्लास्टिकची पाण्याची लाइन टाकून झाली होती आणि प्रत्येक सांधा पाहून तक्त्यावर सही करण्याचे काम माझ्याकडे होते. सकाळी लाइन भरून हातपंपाने दाब चौरस सेंटिमीटरला नऊ किलोवर नेला, तर चहा येईपर्यंत काटा साडेसातवर उतरला. दाबाखाली हा पाइप थोडा फुगतो आणि काटा थोडा उतरतोच, म्हणून पुन्हा दाब भरला. पण काटा थांबेना. तासाभराने एका कपलरखालची काळी माती ओली दिसली. कपलर म्हणजे दोन पाइपांची टोके आत घेणारी प्लास्टिकची बाही; तिच्या आतल्या तारेत मशीनने वीज सोडली की प्लास्टिक वितळून सांधा जुळतो.

वरून पाहता त्या सांध्यात काहीही खोट नव्हती. कपलरच्या दोन्ही खुंट्या वर आलेल्या होत्या आणि मशीनच्या नोंदीत वेल्डिंग पूर्ण झाल्याचे दिसत होते. मात्र खुंटी वर येते ती आत प्लास्टिक वितळून दाब निर्माण झाल्यामुळे. ते वितळलेले प्लास्टिक पाइपशी एकजीव झाले की नाही, हे तिला सांगता येत नाही. सांधा कापून काढला, हॅक्सॉने त्याच्या लांब पट्ट्या केल्या आणि व्हाइसमध्ये धरून सोलून पाहिल्या. वरच्या बाजूची पट्टी सुटता सुटेना. जिथे फाटली तिथे प्लास्टिक पांढरट होऊन ताणले गेले होते. खालची पट्टी मात्र एका हिसक्यात उघडली. पाइपवर कपलरच्या तारेचे वळसे नुसते उमटले होते, त्यांच्यामध्ये मूळची काळी चकाकी तशीच होती आणि घासण्यापूर्वी आम्ही मार्करने मारतो त्या चंदेरी रेघाही जागेवर होत्या.

घासायचे कुठे राहिले ते दिसावे, त्यासाठीच त्या रेघा मारतात. उघड्यावर पडलेल्या पाइपच्या पृष्ठभागावर ऑक्सिडीकरणाचा पातळ थर तयार होतो आणि हे पाइप तर अख्खा उन्हाळा यार्डात नागपूरचे ऊन खात पडले होते. हा थर सुमारे 0.2 मिलिमीटर खोलीपर्यंत स्क्रेपरने सोलून काढला नाही, तर त्याच्याखालचे ताजे प्लास्टिक कपलरला भेटतच नाही. पॉलिश पेपरने भागत नाही, कारण तो मळ काढण्याऐवजी पसरवतो. सगळ्या रेघा गेल्या म्हणजे घासणे झाले, इतकी ही साधी खूण आहे.

फिटरला विचारले. वयाने माझ्यापेक्षा मोठा, हाताचा चांगला माणूस. मान खाली घालून म्हणाला, "वरून बरोबर घासलं साहेब, पण खाली हातच जात नव्हता नं जी." त्याचे खरे होते. सांध्याखाली हात आणि स्क्रेपर फिरेल एवढा खड्डा खणायचा असतो, पण मे महिन्यात ही काळी माती विटेसारखी टणक होते आणि मजुरांनी तो खणलाच नव्हता. मी खंदकाच्या काठावर उभा राहून वरची बाजू पाहिली होती आणि सही केली होती.

आता प्रश्न उरलेल्या दहा सांध्यांचा होता. वेल्डिंग झालेल्या कपलरच्या आत डोकावता येत नाही, म्हणून आम्ही माती पाहिली. सहा कपलरखाली खड्डे खणल्याचे दिसत होते. चार ठिकाणी जमीन कुदळीने शिवलेलीही नव्हती. ते चारही कापायला सांगितले, तेव्हा ठेकेदाराने बराच वाद घातला.

उन्हात पुन्हा काम सुरू करण्यात अर्थ नव्हता. दुपारी खड्डे खणून घेतले आणि चारनंतर ताडपत्रीच्या सावलीत सांधे जोडायला घेतले. मशीनही सावलीतच ठेवले, कारण भोवतालचे तापमान मोजून ते तापवण्याची वेळ ठरवते. ते उन्हात आणि पाइप खंदकात असला, तर वेळ कमी धरली जाते. घासलेला भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला आणि तो वाळेपर्यंत कोणाला बोट लावू दिले नाही. एकदा फिटरच्या कपाळावरचा घामाचा थेंब नेमका तिथेच पडला. त्याने काही न बोलता पुन्हा पुसायला घेतले. या वेळी प्रत्येक सांध्याखाली मी स्वतः आडवा होऊन रेघा पाहिल्या.

कापलेल्या चारांपैकी दोन व्हाइसमध्ये सहज उघडले. उरलेले दोन चांगले निघाले, आणि त्यांचे पैसे कोणी द्यायचे यावर ठेकेदाराशी नंतर महिनाभर पत्रव्यवहार चालला.