आमची वाटचाल: क्रोम, ॲल्युमिनियम आणि खाडीकाठची हवा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात सुरुवातीला एक बफिंग मोटर (धातू चकचकीत करायचं बफ नावाचं मऊ चाक फिरवणारी) होती आणि जे येईल ते काम होतं: नळ, दाराच्या मुठी, यंत्रांचे सुटे भाग. मग बुलेटची इंजिन कव्हरं, येझदीचे सायलेन्सर, आरएक्स १०० चे मडगार्ड येऊ लागले आणि हळूहळू गाळा मोटारसायकलींचाच झाला. यंत्रं वाढली, पण खरा फरक पडला तो कामाच्या क्रमात. आता आलेला प्रत्येक भाग आधी धुऊन टेबलावर येतो. मोटर फार पुढची गोष्ट आहे, आणि क्रोमचे बहुतेक भाग तर मोटरवर जातच नाहीत.

टेबलावर पहिलं हत्यार म्हणजे लोहचुंबक. चिकटला तर खाली लोखंड आहे आणि वरची चमक बहुधा क्रोमची. चिकटला नाही तर बहुधा ॲल्युमिनियम, नाहीतर क्रोम चढवलेलं प्लास्टिक. प्लास्टिकला ॲसिड, थिनर आणि उष्णता तिन्ही वर्ज्य. काळ्या किंवा रंगीत लिव्हरवर, रिमवर बहुधा ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवरच विजेने तयार केलेला रंगीत ऑक्साइडचा थर असतो. त्यावर पॉलिश घासलं की रंगच निघून येतो.

क्रोम आणि ॲल्युमिनियम यांचं दुखणं एकमेकांच्या अगदी उलट असतं, म्हणून उपायही उलटा. शोभेच्या क्रोमचा थर जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. त्याच्याखाली निकेलचा दहा ते तीस मायक्रॉनचा थर आणि त्याखाली लोखंड. क्रोम स्वतः गंजत नाही. त्यातल्या सूक्ष्म भेगांमधून खारी ओल लोखंडापर्यंत पोचते आणि गंज आतून वर येतो. वर दिसणारा तांबूस ठिपका म्हणजे खालच्या खड्ड्याचं तोंड. म्हणजे क्रोम घासून ‘चमकवायचा’ नसतो, तो वाचवायचा असतो.

आम्ही आधी रॉकेल आणि मऊ ब्रशने वंगण काढतो आणि साबणाच्या पाण्याने धुतो. मग स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा साबणपाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवतो. फॉइल क्रोमपेक्षा खूप मऊ असल्याने ओरखडा पडत नाही आणि वरवरचा गंज करड्या लगद्यात निघून येतो. लगदा वाळू द्यायचा नाही, लगेच पुसायचा. गंज हट्टी असेल तर एक लिटर कोमट पाण्यात ४० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड घालून भाग त्यात ठेवतो आणि दर वीस मिनिटांनी बघतो. हे रसायन विषारी आहे. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा पाहिजेच, आणि ॲल्युमिनियमचा भाग किंवा जस्ताचा मुलामा असलेला भाग त्यात बुडवायचा नाही. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं आणि ब्लोअरने लगेच सुकवायचं, कारण भेगांमध्ये राहिलेलं पाणी रातोरात पुन्हा तांबूस होतं.

संडास साफ करायचं ॲसिड वापरून आणलेले भाग आमच्याकडे फार येतात. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ते गंजासोबत क्रोमही विरघळवतं. तारेचा ब्रशही तितकाच वाईट. घासताना पांढऱ्या चमकेत पिवळसर झाक दिसू लागली की थांबायचं, कारण ती निकेलची झाक आहे, क्रोम तिथे संपला. नख अडकेल असे खड्डे असतील तर पॉलिशने काही होत नाही. ते आम्ही गिऱ्हाइकाला भाव सांगायच्या आधी दाखवतो. पुन्हा क्रोम चढवायचा तर जुना थर उतरवणं, लोखंड घासून गुळगुळीत करणं, निकेल आणि वर क्रोम असा लांबचा रस्ता आहे. ते काम आम्ही गाळ्यात करत नाही. क्रोम चढवायच्या द्रावणातलं षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) श्वासातून गेलं तर फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, आणि त्याचं सांडपाणी नुसतं गटारात सोडता येत नाही. परवानगी आणि सांडपाण्याची सोय असलेल्या प्लेटिंगवाल्याकडेच भाग जातो.

क्रोमच्या रिमला स्पोकच्या निपलभोवती (स्पोक रिमला आवळणाऱ्या छोट्या नटाभोवती) गंज असेल तर टायर उतरवून आतून बघावंच. पाणी तिथेच साठतं, आणि आतला खरखरीत गंज ट्यूब कुरतडतो. पुढच्या फोर्कच्या नळ्या मात्र वेगळ्या. त्यावर हार्ड क्रोम (शोभेच्या क्रोमपेक्षा जाड थर) थेट लोखंडावर असतो. ऑइल अडवणारं रबरी सील फिरतं त्या पट्ट्यातला बारीक खड्डाही सील फाडून ऑइल गळवतो. त्या पट्ट्याच्या वर असलेल्या खड्ड्याने ऑइल गळत नाही.

ॲल्युमिनियमचं काम मात्र मनापासून घासायचं. पांढरी भुकटी म्हणजे ऑक्साइड, आणि खाऱ्या हवेतले क्लोराइड त्याखाली टोचल्यासारखे खड्डे पाडतात. कव्हरवर लॅकर (पारदर्शक वॉर्निशचा थर) असेल तर त्याखाली नागमोडी पांढऱ्या रेघा दिसतात. त्यावर कितीही पॉलिश लावलं तरी ते लॅकरवरच फिरतं. म्हणून पहिलं काम लॅकर पूर्ण काढण्याचं. कॉस्टिक असलेला क्लीनर इथे चालत नाही, तो ॲल्युमिनियम काळं पाडून खातो.

खड्डे असतील तिथे ३२० किंवा ४०० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात वापरायचा पॉलिश पेपर, नंबर मोठा तितका बारीक), मग ६००, ८००, १०००, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा काटकोनात बदलायची, म्हणजे मागच्या नंबरचे ओरखडे उरलेत का ते लगेच कळतं. ६०० वर राहिलेला ओरखडा बफवर जात नाही, उलट चकाकीत जास्त उठून दिसतो. घाई करणाऱ्यांचं काम इथेच फसतं. लोखंडी स्टीलवूल ॲल्युमिनियमवर नको. त्याचे कण रुततात आणि पावसाळ्यात तांबूस ठिपके देतात. नायलॉनचा पॅड वापरावा.

मग सिसल (राठ वनस्पती तंतूंच्या) बफवर तपकिरी कंपाउंड, म्हणजे चमक आणणारा मसाला, शिवलेल्या कापडी बफवर पांढरं, आणि शेवटी मोकळ्या मऊ बफवर फिनिशिंग. आमची आठ इंची बफ २८०० आरपीएमवर फिरते. भाग मध्यरेषेच्या खाली धरायचा आणि कड बफच्या फिरण्याविरुद्ध कधी धरायची नाही, नाहीतर तो हातातून ओढला जातो. जोर दिला की पातळ कव्हर तापतं आणि कंपाउंड काळं होऊन चिकटतं. लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची बफ आणि धूळ खेचायची नळी आम्ही वेगळी केली, त्याला स्वच्छतेपेक्षा मोठं कारण आहे. ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेते, लोखंडाची ठिणगी तिला पुरते. पेटली तर पाणी नाही, कोरडी वाळू टाकायची. धूळ रोज काढतो.

आरसा झाल्यावर टाल्कम पावडर आणि कापडाने कंपाउंडचा तेलकटपणा काढायचा. पुढे लॅकर की मेण हा प्रश्न उरतो. लॅकरमुळे चमक टिकते, पण एक खडा लागला की ओल आत शिरते आणि पुन्हा सगळं उतरवावं लागतं. इंजिनच्या कव्हरांना आम्ही कार्नोबा मेणच (ताडासारख्या झाडाच्या पानांचं मेण) सुचवतो. पावसाळ्यात ते महिन्यातून एकदा लावावं लागतं, तरी ते परवडतं. ठाणे असो की ऐरोली-वाशी, खाडी जवळच. ओली गाडी वॉटरप्रूफ कव्हरखाली ठेवली तर पावसापेक्षा जास्त नुकसान होतं. आधी पुसून सुकवावी. स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये घालताना आट्यांना अँटीसीझ (बोल्ट जखडू न देणारी पेस्ट) लावावं, नाहीतर दोन धातूंच्या मधली खारी ओल बोल्ट तिथेच जखडून टाकते.

आता आम्ही भाग सुटेच घेतो, बसवलेल्या गाडीवर बफ लावत नाही. बफची धूळ बेअरिंगमध्ये किंवा ऑइलच्या वाटेत शिरली तर इंजिन जातं. कव्हर आणताना गॅस्केट आणि सील काढलेलं असावं. गॅस्केट बसते ती बाजू आणि आटे आम्ही टेप लावून झाकतो. ब्रेकच्या डिस्कला आणि ड्रमच्या आतल्या भागाला पॉलिश किंवा मेण लावून द्या, असं कोणी म्हटलं तरी आम्ही ते करत नाही.