एसीचं पाणी आणि ड्रेन पाइपचं पोट

७ जून

परवा कोथरूडला वळीव दणकून पडला आणि काल रात्री आईच्या खोलीतला एसी ठिबकायला लागला. पहाटे तिने हाक मारली, "अरे, माझी उशी भिजलीय बघ." एक टनाचा स्प्लिट, पलंगाच्या बरोबर वर. एप्रिल-मेमध्ये रोज रात्रभर चालला, तेव्हा थेंबही पडला नव्हता.

मेकॅनिकने फोनवरच निदान केलं: गॅस कमी झालाय, भरावा लागेल. मला ते पटेना. गॅस कमी असला किंवा फिल्टर तुंबला असला तर कॉइल, म्हणजे आतली हवा गार करणारी नळ्यांची जाळी, शून्याखाली जाते आणि तिच्यावर बर्फ धरतो. एसी बंद केला की तो वितळतो आणि एकदम लोंढा येतो. आमच्याकडे उलट होतं. एसी चालू केल्यावर दीडेक तासाने ठिबकायला सुरुवात आणि बंद केला की थोड्या वेळात थांबतं. झाकण उघडून टॉर्च मारला. बर्फाचा मागमूस नाही, कॉइलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं दव. म्हणजे थंड करण्याचं काम नीट चाललंय, पाण्याची वाट मात्र अडलीय.

८ जून

एमसीबी खाली पाडून, म्हणजे एसीची वीज तोडूनच हात घातला. फिल्टर धुतले. शेजारच्या काकांकडून पाणी ओढणारा व्हॅक्यूम आणला, ड्राय बाल्कनीत निघणाऱ्या ड्रेन पाइपच्या तोंडाला लावला, फट ओल्या फडक्याने बंद केली. अर्ध्या मिनिटात वाटीभर गाळ आला. करडा, बुळबुळीत, पेजेसारखा दाट. बाहेरून आत फुंकर किंवा ब्लोअर मारू नका. आतला जोड निसटला तर पाणी थेट भिंतीत उतरतं, आणि गाळ कॉइलखालच्या पाणी झेलणाऱ्या ट्रेमध्ये परत जातो तो वेगळाच.

रात्री कोरडं. आई निवांत झोपली.

१२ जून

पुन्हा ठिबकला. चारच दिवसांत पाइप तुंबेल इतका गाळ साचणं शक्य नाही, म्हणून आज मोजायचं ठरवलं. एसी बंद ठेवून ट्रेमध्ये मापाने एक लिटर पाणी हळूहळू ओतलं आणि बाहेरच्या टोकाला बादली ठेवली. साधारण ६०० मिली ओतून होईतो ट्रे काठोकाठ भरला, खाली थेंब पडू लागले. बादलीत तोवर जेमतेम पेलाभर पाणी. तेही सलग येत नव्हतं. गटकन यायचं, थांबायचं, परत गटकन. त्या आवाजाने खात्री पटली की वाटेत कुठेतरी पाणी आणि हवा अडून बसलीय.

१५ जून

सापडलं. इनडोअर युनिटवर पाणसळ धरली तर बुडबुडा अगदी मधोमध. भिंतीतल्या भोकाचा ढाळही बाहेरच्या बाजूला, बरोबर. पुढे बाल्कनीतून नहाणीपर्यंत, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या जाळीपर्यंत, तीन मीटर पन्हाळीदार पांढरा पाइप नेलाय आणि तेवढ्या लांबीला क्लॅम्प फक्त दोन. मधे पाइपला चांगलं चार बोटं पोट सुटलेलं. त्या पोटात पाणी कायम उभं, वळ्यावळ्यांत शेवाळ, आणि शेवटचं टोक नहाणीच्या पाण्यात बुडालेलं. तोंड बुडालं की पाइपमधली हवा कोंडते आणि पाण्याला पुढे सरकता येत नाही.

हे पोट एसी बसवला त्या दिवसापासूनच असणार. ते उन्हाळ्यात कळलं नाही, कारण पुण्याची एप्रिल-मेची हवा कोरडी. कॉइलवर पाणीच कमी जमतं, तेवढं कसंबसं वाहून जातं. मेच्या पहिल्या आठवड्यात मी झाडांसाठी म्हणून बादली लावली होती, चार तासांत अर्धा लिटरही भरलं नव्हतं. वळवानंतर हवेत ओल आली, पाणी कितीतरी पटींनी वाढलं आणि पाइपला ते झेपेना. म्हणूनच "उन्हाळाभर नीट होता" यावरून पाइपबद्दल काहीच ठरवता येत नाही.

दुपारी रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन आतून गुळगुळीत असलेला पीव्हीसी पाइप आणि क्लॅम्प आणले. संध्याकाळी दर अर्ध्या मीटरवर क्लॅम्प ठोकला आणि मीटरला एक सेंटिमीटरपेक्षा थोडा जास्तच ढाळ दिला. टोक नहाणीच्या जाळीपासून तीन बोटं वर ठेवलंय. तिथून पाणी पडताना दिसतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुन्हा एक लिटर ओतलं. दोन मिनिटांच्या आत ९५० मिली बादलीत, धार सलग.

२२ जून

आठवडा झाला, उशाशी टिपूस नाही. काल दमट रात्र होती. चार तासांत सव्वातीन लिटर जमलं. हे पाणी कुंड्यांना आणि फरशी पुसायला चालतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र घालू नका. क्षार नसले तरी कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण त्यात उतरतात.

एसीखालच्या भिंतीचे पोपडे खरवडून ठेवलेत. आईला रंग लगेच हवाय, पण हात लावला तर आतून अजून गार लागतं. पंखा तिकडे वळवून ठेवलाय.