जाहिरातींची मर्यादा ठरवताना

ब्लॉगवर जाहिराती घ्याव्यात की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता केव्हाच निकालात निघाला आहे. डोमेन (ब्लॉगचा पत्ता) आणि होस्टिंग (ब्लॉग ठेवण्याची सेवा) यांचे शुल्क दरवर्षी भरावे लागते आणि ते लेखनातूनच निघावे, ही अपेक्षा मला गैर वाटत नाही. विचार करावा लागला तो जाहिराती किती असाव्यात याचा.

हा प्रश्न जाहिराती पुरवणाऱ्या यंत्रणेला विचारण्यात अर्थ नाही, कारण तिचे उत्तर नेहमी ‘आणखी एक’ असेच असते. गूगलची ‘ॲडसेन्स’ सेवा २००३ साली सुरू झाली. एका पानावर तीनच जाहिराती लावण्याचे तिचे जुने बंधन २०१६ साली उठले आणि जाहिरातींनी मजकुराला मागे टाकू नये, एवढीच अट उरली. ‘ऑटो ॲड्स’ चालू केल्यास जाहिराती कुठे आणि किती लावायच्या हा निर्णयही आपल्या हातून जातो. मी ती सोय बंद ठेवली आहे.

जागा वाढवल्या म्हणजे उत्पन्न त्याच प्रमाणात वाढते, हा समज हिशेबाला टिकत नाही. वाचक पान उघडतो त्या क्षणी प्रत्येक जागेसाठी जाहिरातदारांमध्ये आपोआप लिलाव होतो. सर्वांत चढी बोली एका जागेत खपली की पुढच्या जागांना साहजिकच उतरत्या बोली मिळतात. शिवाय जाहिरातीचा निदान अर्धा भाग किमान एक सेकंद पडद्यावर दिसला, तरच ती ‘दिसली’ असे धरण्याचा या व्यवसायातला संकेत आहे. त्यामुळे पानाच्या तळाशी एकाखाली एक रचलेल्या चौकटींपर्यंत फारसे कोणी पोहोचत नसेल, तर त्यांचे मोलही तेवढेच राहते. वाचकाला होणारा जाच मात्र असा उतरत जात नाही. तिसऱ्या जाहिरातीशी तो पहिलीपेक्षा अधिक वैतागलेला असतो.

बाहेरचा एखादा मापदंड हवा असेल, तर ‘कोअलिशन फॉर बेटर ॲड्स’ या संघटनेचे निकष उपयोगी आहेत. मोबाइलवर जाहिरातींची एकूण उंची मुख्य मजकुराच्या भागाच्या ३० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असे ते सांगतात, आणि हे निकष सतत मोडणाऱ्या संकेतस्थळांवरील जाहिराती क्रोम ब्राउझर फेब्रुवारी २०१८ पासून रोखू लागला. पण हे प्रमाण प्रत्यक्षात मांडून पाहावे. लेखाचा भाग तीन हजार पिक्सेल उंच असेल, तर ३० टक्के म्हणजे नऊशे पिक्सेल होतात, आणि २५० पिक्सेल उंचीच्या तीन चौकटी त्यात आरामात बसतात. मध्यम लांबीच्या लेखात तीन वेळा थांबणे मला स्वतः वाचताना सहन होत नाही. ही मर्यादा असह्य काय आहे ते सांगते, योग्य काय आहे ते सांगत नाही.

संख्येइतकेच महत्त्व जागेला आहे. जाहिरात उशिरा येऊन मजकूर खाली ढकलते, तेव्हा वाचकाची ओळ हरवते आणि कधीकधी त्याचे बोट नको त्या ठिकाणी पडते. हे टाळणे अवघड नाही: चौकटीची उंची आधीच राखून ठेवली की पान हलत नाही. डोळ्यांच्या सवयीवर मात्र असा उपाय नाही. जाहिरातीसारखे दिसणारे काहीही नजर आपोआप ओलांडते, हे १९९८ पासून अभ्यासकांनी नोंदवलेले आहे. (लेखात महत्त्वाची माहिती मी रंगीत चौकटीत देत असे, ती बहुधा याच कारणाने कोणी वाचत नसे. आता ती साध्या परिच्छेदात देतो.)

यावरून माझ्यापुरते असे ठरवले आहे की प्रत्येक लेखाच्या शेवटी एक जाहिरात असेल आणि लेख दीर्घ असेल तर मधल्या एखाद्या उपशीर्षकाच्या आधी आणखी एक. पहिल्या परिच्छेदाच्या वर काहीही नसेल आणि पडद्याच्या तळाला चिकटून राहणारी पट्टीही नसेल. प्रायोजित लेख, म्हणजे एखाद्या कंपनीने पैसे देऊन छापून घेतलेले लेख, मी तूर्त घेत नाही, कारण ॲडसेन्ससारख्या यंत्रणेतून आलेली जाहिरात कोणाची असेल हे लिहिताना मला ठाऊक नसते, तर प्रायोजक वाक्यावाक्याला डोळ्यांसमोर उभा राहतो. पुढे कधी घेतलाच, तर तसा स्पष्ट उल्लेख लेखाच्या माथ्यावर असेल.

आजारपण, मृत्यू आणि कर्ज या विषयांवरच्या लेखांत जाहिरात अजिबात ठेवलेली नाही. अशा मजकुराशेजारी एखाद्या हमखास उपचाराची किंवा झटपट कर्जाची जाहिरात आली, तर ती माझीच शिफारस वाटण्याची शक्यता असते. नको असलेले प्रकार वगळण्याची सोय आहे, पण ती गाळणी पुरेशी बारीक नाही, म्हणून जागाच रिकामी ठेवणे मला बरे वाटले. कर्जासारख्या विषयांना बोली बऱ्यापैकी चढ्या लागतात, हे मान्य करूनच हा निर्णय घेतला आहे. या मांडणीत ॲडसेन्सचे पैसे हाती येण्यासाठी लागणारी १०० डॉलरांची किमान रक्कम सावकाश जमते, होस्टिंगचे देयक मात्र ठरलेल्या तारखेला येते. मधली तूट मी सध्या खिशातून भरतो.