परक्या व्हीसीआरमधली कॅसेट

एका व्हीसीआरमध्ये स्वच्छ दिसणारी जुनी कॅसेट दुसऱ्यात घातली आणि चित्राच्या मधोमध पांढऱ्या रेघांचा पट्टा फिरू लागला, की टेप खराब झाली असा निकाल आपण चटकन देऊन टाकतो. मला हा निकाल घाईचा वाटतो. टेपवर नुसती दृश्ये नसतात. ती ज्या यंत्रावर भरली, त्याच्या बांधणीतले बारीकसारीक उणे-अधिकही तिच्यात उतरलेले असते.

१९७६ साली जपानमध्ये बाजारात आलेल्या व्हीएचएस या कॅसेट-पद्धतीची टेप जेमतेम अर्धा इंच रुंद असते आणि तेवढ्यात चित्र मावावे म्हणून ते तिरक्या पट्ट्यांत लिहिले जाते. पॅल या टीव्ही-प्रक्षेपणाच्या पद्धतीत ६२ मिलिमीटर व्यासाचा, किंचित कललेला ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि त्याला वळसा घालून जाणारी टेप सेकंदाला सुमारे २३ मिलिमीटर इतक्या संथपणे सरकते. एकेका पट्टीची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या भागाहूनही किंचित कमी! ड्रमवर बसवलेले, चित्र वाचणारे हेड नेमके पट्टीवर यावे यासाठी टेपच्या खालच्या कडेला ठरावीक अंतराने खुणेचे स्पंद नोंदवलेले असतात. मात्र ते वाचणारे हेड आणि ड्रम यांच्यातले अंतर प्रत्येक यंत्रात केसभर वेगळे असू शकते आणि तेवढ्यानेही चित्राचे हेड चाकोरी सोडून शेजारी उतरते.

ट्रॅकिंगचे, म्हणजे हेड पट्टीशी जुळवण्याचे, बटण हा फरक वेळेत मागेपुढे करून भरून काढते. नंतरच्या यंत्रांत ही जुळणी आपोआप होते खरी, परंतु झिजलेल्या टेपवर ती एका जागी ठरत नाही, म्हणून मी ती बंद करून हातानेच जुळवतो. रेघा नाहीशा झाल्या म्हणून तिथेच थांबू नये. दुसऱ्या बाजूने त्या पुन्हा दिसेपर्यंत पुढे जावे आणि मग दोन्हींच्या मध्यावर यावे.

चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा एका बाजूला वाकतो, तेव्हा मात्र ट्रॅकिंग कितीही फिरवले तरी उपयोग नसतो. हा दोष ताणाचा आहे. टेप ताणली गेली असेल, किंवा या यंत्राचा ताण मूळ यंत्राहून वेगळा असेल, तर तिरक्या पट्टीची लांबी बदलते आणि एका हेडकडून दुसऱ्याकडे चित्र सोपवताना रेषांची वेळ चुकते. ही अदलाबदल चित्राच्या अगदी तळाशी होत असली, तरी टीव्हीला सावरायला थोडा वेळ लागतो, म्हणून वाक दिसतो तो पुढच्या चित्राच्या माथ्यावर. अशा वेळी टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून पाहावी. न जमल्यास टाइम बेस करेक्टर जोडावा, कारण तो प्रत्येक रेषा क्षणभर धरून ठेवून ठरल्या वेळी सोडतो. जुन्या काचेच्या नळीचे टीव्ही अशा चुका पुष्कळ पोटात घालत. आजचे सपाट पडदे आणि संगणकात चित्र उतरवणारी साधने तितकी सोशीक नाहीत.

सर्वांत चिवट दोष म्हणजे वर किंवा खाली ठाण मांडून बसलेला, ट्रॅकिंगने न हलणारा पट्टा. टेपला ड्रमपाशी नेणारे आणि तिथून परत आणणारे रोलर योग्य उंचीवर नसले, की टेपची वाट वाकडी होते. दुसऱ्या कॅसेटींवरही तोच पट्टा दिसला तर दोष समोरच्या यंत्राचा. एकाच कॅसेटवर दिसला तर तो भरणाऱ्या यंत्राचा असण्याची शक्यता अधिक. मग एका वाकड्या टेपसाठी धडधाकट यंत्राचे रोलर हलवावेत का? चोख जुळवलेल्या यंत्राला हात लावू नये असे जाणकार बजावतात, आणि एकच यंत्र हाती असेल तर मीही तेच म्हणेन, कारण फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवल्यापासून नवा व्हीसीआर मिळण्याची आशा उरलेली नाही. दुसरे जुने यंत्र असेल, तर मात्र मी ते खुशाल बिघडवीन. रोलरच्या मूळ जागेवर आधी खूण करावी, चित्र पाहत तो अगदी थोडाथोडा फिरवावा, आणि पट्टा गेला की त्या वाकड्या यंत्रावर भरलेल्या सगळ्या कॅसेटी एका बैठकीत उतरवून घेऊन मगच रोलर खुणेवर परत आणावा.