पाणी मागणारा पोरगा

मी चंद्रपूर जिल्ह्यात दिव्यांग मुलांसाठीची फिरती विशेष शिक्षिका आहे, म्हणजे माझी एक अशी शाळा नाही, वाट्याला आलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळा स्कूटीवर फिरायच्या. जानेवारीतला शनिवार, सकाळची शाळा, थंडी इतकी की हँडल धरवत नव्हतं. पोहोचले तर परिपाठ सुरू होता आणि चौथीतला एक पोरगा एकटाच व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा. सर म्हणाले, "सारखा पाणी नाहीतर लघवी, वर्गात बसायलाच नको त्याला, चार दिवस येते आन् चार दिवस दांडी." माझ्या यादीत तो सप्टेंबरपासून होता, 'अभ्यासात मागे' एवढाच शेरा, आणि तो शेरा मीच लिहिलेला.

जवळ गेले तर तो गुडघा दाबून धरत होता, डोळे पिवळट. काही तरी चमकलं मनात. हजेरी मागितली, मागच्या वर्षीची पण. गैरहजेरी एकेक दिवसाची नव्हतीच, चार-पाच दिवसांचे गठ्ठे, आणि तेही पावसाच्या झडीत नाहीतर थंडीत.

तशीच घरी गेले. मायबाप तेलंगणात मिरची तोडायला, घरी आजी. ती आधी घाबरलीच, "मॅडम, शाळेतून नाव नका काढू जी त्याचं. हाडं ठणकते म्हणते, रातभर निजत नाही पोट्टं." मग पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात सिकलसेलचं कार्ड. एसएस. म्हणजे वाहक नाही, आजारच. तपासणी कधीचीच झालेली, गोळ्या पण चालू होत्या, मधे बंद पडल्या. शाळेत सांगितलं तर पोराला घेणार नाहीत या भीतीनं कार्ड पेटीतच राहिलं.

या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि मग ते दुखणं. थंडीनं, पाणी कमी पडल्यानं वाढतं. मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही म्हणून लघवी जास्त, म्हणून तहान जास्त. म्हणजे जे त्याला जगायला लागतं तेच मागायची त्याला शिक्षा होत होती. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे, मला पाठ आहे ती यादी, तरी मला दिसलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

आजीसोबत त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं, गोळ्या परत सुरू झाल्या. सरांना सगळं समजावलं तर ते बराच वेळ बोललेच नाहीत, आणि सोमवारी त्यांनी स्वतःच त्याची जागा खिडकीपासून हलवून उन्हाच्या बाजूला केली, बाटली बाकावर, लघवीला विचारायचं नाही, सरळ जायचं. थंडीत परिपाठाला तो आत बसणार.

पुढच्या भेटीत गणित घेतलं. हातच्याची बेरीज बरोबर, वजाबाकीत मात्र दरवेळी लहान अंकच मोठ्यातून काढायचा. हजेरी पाहिली तर तिसरीत ती वजाबाकी शिकवली त्याच आठवड्यात हा नव्हता. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे घेतले, एक गठ्ठा सोडायला लावला, अर्ध्या तासात त्याला जमलं. मी वही बंद करायला लागले तर हळूच म्हणतो,

"मॅडम, भागाकाराच्या वेळी पण मी नव्हतो."

परत गठ्ठे काढले.